घराची भिंत आणि विम्याचा कागद

"आबा, आता काळजीचे कारण उरले नाही. घराचा विमा उतरविला," असे लातूरच्या सदनिकेतून मुलगा दूरध्वनीवर सांगतो, आणि औशाकडील किंवा निलंग्याकडील एखाद्या खेड्यात माळवदाखाली बसलेले आबा सहज विचारतात, "कोणत्या घराचा रे बाबा?" मुलगा क्षणभर निरुत्तर होतो. विमा उतरविलेला असतो तो शहरातील, कर्ज काढून घेतलेल्या सदनिकेचा. तोही बहुधा बँकेने आग्रह धरला म्हणून. ज्या घरात आईवडील रात्री पाठ टेकतात त्या घराच्या नावे कसलाही कागद नसतो, आणि त्याच्या भिंतीकडे कित्येक वर्षांत कोणी निरखून पाहिलेलेही नसते. मराठवाड्यातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे.

निसर्गाच्या कोपापासून घर राखावयाचे ते भिंत बळकट करून की विमा उतरवून, हा प्रश्न इतर प्रांतांत कदाचित चर्चेपुरता असेल. लातूर जिल्ह्याने त्याचे उत्तर एकदा फार महाग किमतीस विकत घेतले आहे. तेव्हा विचारास आरंभ तेथूनच करणे योग्य होय.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, मिरवणुकीने थकून लोक उशिरा झोपी गेले होते. चार वाजण्यास काही मिनिटे उरली असताना औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत ह्याच भागाला लहान लहान धक्के बसले होते. पण धक्के थांबले आणि भीतीही ओसरली. ह्या वेळच्या भूकंपाचे परिमाण सव्वासहाच्या आसपास होते. सरकारी नोंदीप्रमाणे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून ७,९०० हून अधिक माणसे दगावली.

ह्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. त्यापूर्वी चारच वर्षे, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ६.९ परिमाणाचा भूकंप झाला. शास्त्रीय हिशेबाने त्यात किल्लारीच्या सुमारे दहापट शक्ती बाहेर पडली, आणि परिसर दाट वस्तीचा होता. तेथे मेलेल्यांची संख्या ६३ होती. तो धक्का सायंकाळचा होता आणि किल्लारीचा लोक गाढ झोपेत असतानाचा, हे खरे. वेळेचा हा फरक जमेस धरलाच पाहिजे. परंतु तेवढ्याने ६३ आणि ७,९०० ह्यांमधील अंतर भरून निघत नाही. किल्लारीच्या लोकांना जमिनीने मारले असे म्हणण्यापेक्षा भिंतींनी आणि छपरांनी मारले असे म्हणणेच सत्याला अधिक धरून होईल.

ही भिंत कशी होती? पाहणारास ती अभेद्य वाटे. जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत. उन्हाळ्यात घर गार राही आणि चोराला भिंत फोडणे सोपे नसे. पण ती एकसंध भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती व दगडांचे तुकडे, अशी तिची घडण होती. दोन्ही थर चिखलात रचलेले. एका अंगाकडून दुसऱ्या अंगापर्यंत आरपार जाऊन दोन्ही थरांना बांधून ठेवील असा लांब दगड त्यात क्वचितच असे. पावसाळ्यागणिक मधली माती थोडी थोडी खाली बसे आणि भिंतीला पोट सुटे. गावोगावी अशा पोट सुटलेल्या भिंती दिसत आणि लोक त्यांवर गिलावा करून मोकळे होत. धक्का बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. एक रस्त्यात कोसळला, दुसरा घरात.

आता छपराकडे वळावे. मराठवाड्यातील माळवद म्हणजे लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर गावच्या पांढरीच्या मातीचा जाड थर. शेताला काळी माती व घराला पांढरी, हा इकडचा जुना दंडक. मातीचा हा थर ऊन अडवितो आणि पाऊसही बऱ्यापैकी अडवितो. मात्र कोठे गळू लागले की पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती टाकावयाची, असा प्रघात पडला. जुनी माती काढून नवी टाकण्याचे कष्ट कोण घेतो? बापाने टाकलेल्या थरावर मुलाने टाकला, मुलाच्या थरावर नातवाने. वीतभर जाडीचा थर अशा रीतीने दीड-दोन फुटांवर गेला.

ह्याचे वजन किती होते ते पाहू. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक खोली घ्यावी. तिच्यावर दीड फूट जाडीची माती असेल तर ती १८० घनफूट भरते. एका घनफुटास ४५ किलो धरले तरी झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर ८,००० किलोंहून अधिक भार टांगलेला असतो. भूकंपात जमीन आडवी हलते आणि घरावर येणारा आडवा जोर हा घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जितके छप्पर जड तितका धक्का मोठा. म्हणजे उन्हापासून रक्षण करणारी मातीच भूकंपाचा घाव वाढविणारी ठरली. हीच माती नुसती आठ इंचांवर आणली असती, तर भार निम्म्याहून कमी, सुमारे ३,६०० किलो, झाला असता. त्यासाठी फावडे, टोपली आणि चार दिवसांची मजुरी एवढेच लागते.

नंतर तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा एक गोष्ट विशेषेकरून त्यांच्या नजरेस आली. ज्या घरांत छपराचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, म्हणजे ज्यांना इकडे खणांची घरे म्हणतात, त्यांतील पुष्कळ घरांच्या भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. सुताराचे काम टिकले, गवंड्याचे पडले. गवंड्याला दोष देण्याचा येथे हेतू नाही. चिखलाऐवजी चुना वापरावयाचा, आरपार दगड घडवून आणावयाचे, तर पैसा लागतो, आणि तो घरधन्याच्या हाती असतो. युरोपातील लिस्बन शहर १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील राज्यकर्त्यांनी नव्या घरांच्या भिंतींत तिरप्या दांड्यांचा लाकडी पिंजरा घालण्याची पद्धत सुरू केली. आमच्या खणांच्या घरांत हा पिंजरा अर्धा तयारच होता. उणीव होती ती खांब आणि तुळई ह्यांच्या सांध्याशी तिरपा आधार देण्याची.

किल्लारीनंतर जे सरकारी पुनर्वसन झाले त्यात जागतिक बँकेचे कर्ज होते. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि तेरा जिल्ह्यांतील लक्षावधी घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले. मजबुतीकरणाचे उपाय अगदी साधे होते. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालावयाची व काँक्रीट भरावयाचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात. दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर चारही भिंतींना कवेत घेणारा अखंड पट्टा फिरवावयाचा, म्हणजे कोपरे सुटत नाहीत. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे आधार द्यावयाचे. माळवदावरील जादा माती काढून तिच्याखाली प्लॅस्टिकचा कागद पसरावयाचा, म्हणजे थर पातळ असला तरी गळती होत नाही. भारतीय मानक संस्थेने अशा दगडी व मातीच्या घरांसाठी १९९३ सालीच स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली.

एवढे असून लोकांनी काय केले? जेथे निवड करण्याची मुभा होती तेथे बहुतेकांनी मिळालेल्या पैशातून जुने घर बळकट करण्याऐवजी शेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधणे पसंत केले. त्यांना हसण्याचे कारण नाही. नवी खोली डोळ्यांना दिसते, सोयऱ्याधायऱ्यांना दाखविता येते. भिंतीच्या पोटात गेलेली सळई कोणाला दिसते? पण कुटुंब मोठे आणि खोली एक, म्हणून जुन्या घरातील झोपणे चालूच राहिले.

आता विम्याकडे. विमा म्हणजे पुष्कळांनी थोडे थोडे देऊन थोड्यांचे मोठे नुकसान भरून काढणे. घरांच्या विम्याचा उगम लंडनच्या १६६६ च्या प्रचंड आगीशी जोडला जातो, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यातील क्रम क्वचितच सांगितला जातो. आगीनंतर पहिल्यांदा झाला तो नव्या घरांच्या भिंती विटांच्या वा दगडांच्याच असाव्यात असा कायदा. आगीच्या विम्याची पेढी निघाली ती त्यानंतर, १६८० च्या सुमारास. पुढे ह्या पेढ्यांनी पदरचे आग विझविणारे नोकरही ठेवले, कारण घर जळून भरपाई देण्यापेक्षा ते वाचविणे स्वस्त पडते, हे त्यांना पहिल्याच काही वर्षांत कळून चुकले होते.

मराठवाड्यातील शेतकऱ्याला विमा हा शब्द परका नाही. एक रुपयात पीकविमा ही राज्याची योजना २०२३ ते २०२५ ह्या काळात येथे घरोघर पोहोचली होती. पंचनामा म्हणजे काय, नुकसानीची सूचना किती तासांत द्यावयाची, हे त्याला तोंडपाठ असते. असे असून पिकाचा विमा काढणाऱ्या त्याच हातांनी घराचे विमापत्र सहसा कधी पाहिलेलेही नसते. आणि ज्या शहरवासीयांजवळ ते असते त्यांनी ते वाचलेले नसते.

ते वाचले तर काय आढळते? विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ह्या नावाचे एकच नमुन्याचे विमापत्र सर्व साधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केले. त्यात आग, भूकंप, पूर, वादळ, वीज, दरड इत्यादि आपत्तींचा समावेश आहे. विमा घराच्या बाजारभावाचा नसतो. तेच घर पुन्हा बांधावयास जो खर्च येईल त्याचा असतो. जमिनीची किंमत त्यात येत नाही, कारण जमीन जळत नाही. समजा, हजार चौरस फुटांचे घर आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटास २,००० रुपये आहे, तर विम्याची रक्कम २० लाख. घरातील सामानासाठी तिच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख, आपोआप धरले जातात, मात्र ही सामानाची मर्यादा १० लाखांपलीकडे जात नाही. जुन्या विमापत्रांत एक कठोर कलम असे: घर २० लाखांचे आणि विमा १० लाखांचा असेल, तर नुकसान केवढेही असो, त्याच्या निम्मेच मिळावयाचे. नव्या विमापत्राने हे कलम घरांपुरते काढून टाकले, ही ग्राहकाच्या दृष्टीने मोठीच सुधारणा होय.

तथापि दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. गृहकर्ज घेताना बँक जो विमा गळ्यात घालते तो पुष्कळदा कर्जदाराच्या जीविताचा असतो, घराचा नव्हे. कर्जदार मरण पावला तर कर्ज फिटते, पण घर पडले तर एक पैही मिळत नाही. दुसरे असे की घराचा विमा असला तरी घर बँकेकडे गहाण असेपर्यंत भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो. कपाटातील कागद काढून त्यावर नेमके काय लिहिले आहे ते ज्याचे त्याने पाहावे.

अपवादांच्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती काळ्या मातीच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी नीट ध्यानी घेण्यासारखी आहे. जमीन खचून झालेले नुकसान विम्यात येते. पण नवे बांधकाम खाली बसल्यामुळे पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भरावाच्या जमिनीचे खचणे, सदोष आराखडा, सदोष कारागिरी अथवा निकृष्ट साहित्य ह्यांमुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले असते. लातूर-नांदेडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर दरवर्षी खालीवर होते आणि भिंती तडकतात. ह्या तडकण्याचा दावा घेऊन कंपनीकडे जाणाऱ्यास सर्वेक्षक तेच कलम दाखवील. विमा दैवी आपत्तीचा असतो, आपल्या हातून राहिलेल्या कसुरीचा नसतो.

विम्याची आणखी एक मर्यादा अमेरिकेत दिसून आली. जानेवारी १९९४ मध्ये लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. विमा कंपन्यांना इतकी भरपाई द्यावी लागली की त्यांपैकी पुष्कळांनी कॅलिफोर्नियात नवी विमापत्रे देण्याचेच नाकारले. अखेर १९९६ साली राज्याला भूकंपविम्यासाठी वेगळी संस्था उभारावी लागली. धोका पुस्तकात असतो तोवर विमा स्वस्त आणि मुबलक असतो. धोका दाराशी आला की विमेकरी मागे सरतात. ह्या नव्या संस्थेने पुढे जुनी घरे बळकट करणाऱ्यांना हप्त्यात सूट दिली, ती २५ टक्क्यांपर्यंत. विमा विकणारेच भिंतीसाठी पदरचे पैसे मोजू लागले, ह्यातच भिंतीचे मोल आले.

ह्याचा अर्थ विमा निरुपयोगी, असा मुळीच नाही. पुराच्या बाबतीत तर पारडे पुष्कळसे उलट झुकते. नांदेडला गोदावरीचे पाणी वर चढते, विष्णुपुरीचे दरवाजे उघडावे लागतात, आणि काठच्या सखल वस्त्यांत शिरणाऱ्या पाण्याला भिंत कितीही बळकट असली तरी अडवू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव आदि गावांत एका रात्रीच्या पावसाने पाणी घरांत घुसले आणि माणसेही गेली. पाण्यापुढे उपाय मुख्यतः जागेचा आणि जोत्याच्या उंचीचा. ते साधलेले नसेल तर जीव घेऊन वेळीच बाहेर पडावयाचे. धान्य, अंथरूण, शिवणयंत्र, मुलांची पुस्तके पाण्यात जातात, आणि ती पुन्हा घेण्यासाठी जो पैसा हवा तो विम्याशिवाय कोठून आणावयाचा? सरकारी मदत असते, पण तिचे माप ठरलेले असते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाटीवरील संपूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये धरलेले होते. तेवढ्यात घर होत नाही, हे कोणीही गवंडी सांगेल.

भूकंपाचे तसे नाही. पुराची सूचना बहुधा काही तास आधी मिळते. भूकंप सेकंदांत उरकतो. त्या सेकंदांत विम्याचा कागद काहीही करू शकत नाही. तो उपयोगी पडतो तो दुसऱ्या दिवसापासून, आणि जे उरतात त्यांना. कोण उरणार हे भिंत ठरविते.

शहरात राहणाऱ्यांनी हे सर्व खेड्यापुरते आहे असे समजू नये. किल्लारीचा भाग १९९३ पूर्वी देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखविलेला होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला आणि पहिला पट्टा अजिबात रद्द झाला. नांदेड शहराच्या काही भागांतील लोकांनी २००६ नंतरची काही वर्षे जमिनीखालचे गूढ आवाज आणि सूक्ष्म धक्के अनुभवले. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात ४.५ परिमाणाचे धक्के बसले, ते नांदेडलाही जाणवले. ह्या शहरांत आता खाली मोटारींसाठी मोकळे खांब आणि वर चार-पाच मजले अशा इमारती उठल्या आहेत. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचा मजला नुसत्या खांबांवर, ही घडण भूकंपात सर्वांत आधी खालच्या खांबांशी मोडते. सदनिका घेताना संगमरवरी फरशी आणि स्वयंपाकघरातील ओटा पाहिला जातो; ह्या खांबांचा आराखडा कोणत्या अभियंत्याने केला आणि त्यात भूकंपाचा जोर धरला होता काय, हे विचारणारा ग्राहक विरळा. विचारल्यास उत्तर मिळते. निदान कोणाला उत्तर देता येत नाही हे तरी कळते.

राहता राहिले आबांचे घर. आबा शहरात येणार नाहीत, हे मुलालाही ठाऊक आहे. गोठा, शेत आणि पारावरची माणसे सोडून तिसऱ्या मजल्यावर बसणे त्यांच्याने होणार नाही. तेव्हा रब्बीची रास घरात आल्यावर, चैत्र-वैशाखात, माती कोरडी असताना माळवद उघडावे. वीतभर थर ठेवून बाकीची माती खाली उतरवावी, फळ्यांवर कागद पसरून मगच तो थर पुन्हा घालावा. खांबाच्या माथ्याशी कोठे वाळवी लागली आहे ते सुताराकडून पाहून घ्यावे आणि सांध्यांना तिरपे आधार द्यावेत. जी भिंत पोट काढून उभी आहे ती उतरवून आरपार दगड घालून पुन्हा रचावी. तेवढी सवड नसेल तर निदान त्या भिंतीलगत खाट टाकू नये. हे झाल्यावर ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढावा, घराची चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावी आणि त्या घराचा विमा कोणती कंपनी कोणत्या अटींवर उतरविते ह्याची चौकशी करावी. मृग लागण्यापूर्वी माळवद गळू लागेल की काय ह्या धास्तीने आबा पुन्हा गड्याला मातीच्या पाट्या वर नेण्यास सांगतील. त्या दिवसांत मुलाने आठवडाभर गावी जाऊन राहिलेले बरे.